भर रस्त्यातला ओटा

आधी एक सांगून ठेवतो. मला गतिरोधक म्हणायचं नाही. गतिरोधक म्हणजे रस्त्याला आलेलं टेंगूळ. गाडी त्याच्यावर आदळते, आतला माणूस शिवी देतो, विषय संपला. मी ओटा आहे. मोहगाव बाजारात जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा बसलेला, काळ्या दगडाचा रुंद आणि सपाट ओटा. गाड्यांनी माझ्यावर चढताना हळू व्हायचं आणि माणसांनी माझ्यावरून ताठ चालायचं. एवढ्यासाठी मला बांधलं. ते काम मी करतो.

मला लिहिता-वाचता येत नाही. जे पाहिलं, ऐकलं तेच बोलतो.

रस्त्यात येऊन मला थोडी वर्षं झाली, पण दगडाचं वय कुणी विचारू नये. गावाबाहेरच्या खदानीत मी पडून होतो. माझ्या भावंडांपैकी कुणी विहिरीच्या कडेला गेलं, कुणी घरांच्या पायात गेलं, कुणाची खडी झाली. मला वाटलं, आपलीही खडीच होणार. तसं झालं नाही. यात माझी काही करामत नाही, पण अभिमान आहे.

माझ्या आधी इथे काय होतं ते मी आल्यावर ऐकलं. लोक माझ्यावर उभं राहून बोलतात, त्यामुळे सगळं कानावर येतं. पूर्वी इथून अरुंद रस्ता जायचा. मग तो रुंद झाला. गावाने फटाके वाजवले. फटाक्यांचा धूर विरला तेव्हा गावाचे दोन तुकडे झालेले होते. एका बाजूला बौद्ध वस्ती, विहार आणि बाहेरगावची जनावरं गाड्यांतून उतरवायची मोकळी जागा. दुसऱ्या बाजूला शाळा, दवाखाना आणि दर मंगळवारी भरणारा बैलबाजार. मधून गाड्या अशा पळायच्या की कुत्रंसुद्धा विचार करून ओलांडायचं.

झुंबरबाई वस्तीत राहते. एकटी बाई. बैलबाजारात पिठलं-भाकर विकून तिचं घर चालतं. लांबून आलेले व्यापारी तिच्याच पाटीपुढे बसतात. कोण कुठल्या जातीचा, हे भूक लागल्यावर कुणी विचारत नाही. पूर्वी विचारायचे, आता विचारत नाहीत, आणि हा बदल तिच्या हाताच्या चवीने केलेला आहे. रस्ता रुंद झाल्यावर डोक्यावर पाटी घेऊन ती पळत ओलांडायला गेली आणि मधोमध पडली. गुडघा गेला. त्यानंतर तिने रस्ता ओलांडणं सोडलं. बाजार समोर दिसायचा, पण तिच्यासाठी तो परगावात गेल्यासारखा झाला.

मग प्रियदर्शनी आली.

ती वस्तीतल्याच राजानंद गुरुजींची मुलगी. नगररचनेचं शिक्षण घ्यायला नेदरलँड नावाच्या देशात गेली होती. तिथे तिने रस्त्यात बांधलेले असे ओटे पाहिले. मोटार तिथे आपोआप हळू होते, आणि म्हातारी माणसं, सायकलवाले, लेकुरवाळ्या बाया निवांत पलीकडे जातात. परत आल्यावर ती इथल्या नगरपंचायतीच्या कामावर लागली आणि गावात असा ओटा करायचं तिने मनावर घेतलं.

नकाशा घेऊन ती झुंबरबाईच्या दारात गेली. पुढचं बोलणं झुंबरबाई अजून दर मंगळवारी कुणाला ना कुणाला ऐकवते.

"आज्जी, हे पाहा. असं चालत यायचं, मधे थांबायचं, दुसऱ्या बाजूनं गाडी येती का पाहायचं, मंग पुढं जायचं."

"मधे थांबायचं म्हणती, पण केवढी जागा हाये ती?"

"एक माणूस उभा राहील एवढी."

"मोकळ्या डोक्याचा माणूस का पाटीवाला?"

प्रियदर्शनीने वाद घातला नाही. भाकरीची भरलेली पाटी तिने स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि मान वळवून रस्ता पाहायला गेली. मान वळेना. डोक्यावर ओझं असलं की मान वळत नाही, सगळं अंग वळवावं लागतं. अंग वळवलं की पाटी वळते, आणि पाटीला जागा लागते.

"सांभाळ माय," झुंबरबाई ओरडली, "बाहेरदेशात शिकलीस अन् माझ्या भाकरी मातीत घालतीस का?"

दोघी हसल्या. नकाशात मधला थांबा मोठा झाला. वर बसलेल्या साहेबांनी विचारलं, एवढा रुंद थांबा कुठल्या पुस्तकात आहे? ती म्हणाली, पुस्तक लिहिणाऱ्यांच्या गावात लोक डोक्यावर ओझं घेऊन चालत नाहीत, आमच्यात चालतात. साहेबांनी सही केली.

असा मी खदानीतून निघालो. यंत्राने माझे तुकडे गुळगुळीत कापले. वसंता नावाच्या पाथरवटाने ते ओळीने बसवले. दोन्ही अंगांनी गाड्यांसाठी उतार केले. मधे तो मोठा थांबा, त्याच्या दोन्ही टोकांना दगडी खुंट, म्हणजे गाडी आत घुसणार नाही. वसंता कमी बोलतो. काम झाल्यावर माझ्यावर उकिडवा बसून तो एवढंच म्हणाला, "बराबर बसला." माझ्याविषयी कुणी काढलेला पहिला शब्द तो. मी विसरलेलो नाही.

शेवटी माझ्या पाठीवर पांढरे पट्टे ओढले. जगभर ओढतात तसेच. काळ्या अंगावर पांढरे पट्टे. गाडीवाल्यांना लांबून दिसायला लागलो. शाळेची पोरं माझ्यावरून नाचत गेली. झुंबरबाई पहिल्यांदा आली ती पाटीशिवाय. काठीने मला ठोकून पाहिलं, मधे थांबली, अंग वळवून दोन्हीकडे बघितलं आणि पलीकडे गेली. परत येताना रडत होती. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर मंगळवार उजाडला.

कारभारी हा बैलबाजारातला जुना दलाल. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, आवाज असा की शिंगांत शिंग अडकवलेले बैलही बाजूला होतील. बाहेरगावची जनावरं उतरवून घ्यायची आणि रस्ता ओलांडून बाजारात न्यायची, हे त्याचं काम. त्याची पहिली जोडी माझ्याजवळ आली आणि थांबली. मागची जोडी थांबली. त्याच्या मागे सगळी रांग थांबली. ओढलं, चुचकारलं, शेपटी पिरगाळली. बैल पाय टाकेनात. फुरफुरले, डोळे पांढरे केले, मागे सरले. दोन्हीकडून गाड्यांची रीघ लागली, हॉर्न सुरू झाले, बैल आणखी बिथरले. एक खोंड दावं तोडून थेट दवाखान्यात शिरला.

"जागा बाधली हाये," कुणीतरी म्हणालं.

लगेच नारळ आला. माझ्यावर फुटला. लिंबू ठेवलं, शेंदूर लावला. मला राग आला. मला देव व्हायचं नव्हतं. बैल काही हलले नाहीत.

त्या दिवशी निम्मी जनावरं बाजारात पोचलीच नाहीत. व्यापारी म्हणाले, असं असेल तर आम्ही कुंभार पिंपळगावच्या बाजारात जाऊ.

पुढच्या मंगळवारी कारभारी तयारीने आला. माणसांच्या हातात बादल्या. बादल्यांत शेणाचा काला. अंगण सारवावं तसं त्यांनी मला या कडेपासून त्या कडेपर्यंत सारवलं, आणि हात फिरवून घेतला तोही नीट, एकही पट्टा दिसेना. शेणाचा ओळखीचा वास आला आणि बैल गोठ्यात शिरल्यासारखे माझ्यावरून चालत गेले. कारभारीने मिशीवर हात फिरवला.

"पाह्यलं का? नकाशा न् फिकाशा. बैलाला बैलाचं पाह्यजे."

पण सारवलेला मी कुठल्याच गाडीवाल्याला दिसेना. रस्त्याचाच रंग, रस्त्याचीच चमक. दुपारी भोकरदनकडून एक टेम्पो आला तो वेग न आवरता. झुंबरबाई डोक्यावर पाटी घेऊन मधल्या थांब्यात उभी होती. टेम्पो माझ्या उतारावर चढला, उडाला, ओल्या शेणावर आडवा घसरला आणि दगडी खुंटाला धडकून थांबला. थांबा अरुंद असता तर बाई राहिली नसती. पाटी पडली. पिठलं माझ्या अंगावर, भाकरी टेम्पोखाली.

ती खाली बसली. आवाज मात्र ठणठणीत होता.

"कारभारी, ये. जेवून घे. वाढून ठेवलंय बघ रस्त्यावर."

कारभारी पुढे आला. उपरणं काढून त्याचं टोक तिच्या हातात दिलं आणि तिला उठवलं.

आता गावात एकच बोलणं. ओटा पांढरा ठेवला तर बैल अडतात, काळा केला तर गाड्या उडतात. फोडून टाका. नगरपंचायतीत ठरलं की पोळ्याच्या आधीचा मोठा बाजार ही शेवटची संधी. त्या दिवशी बैल सरळ गेले नाहीत, तर दुसऱ्या सकाळी जेसीबी. हे मला माझ्यावरच उभं राहून सांगितलं गेलं. मी उन्हाने तापलेलो होतो आणि गार पडलो.

त्या संध्याकाळी प्रियदर्शनी आली. राग नव्हता, रडणंही नव्हतं. मागून कारभारी आला. त्याच्या मागून, कुणी बोलावलं नसताना, झुंबरबाई.

"मॅडम," कारभारी म्हणाला, "माझं तुमच्याशी वैर न्हाई. तुमचे वडील अन् मी एका वर्गात होतो. ते पुढं गेले, मी बैलाकडं गेलो. पण बाजार उठला तर शंभर घरं उपाशी पडतील. हा ओटा मी फोडायला लावणार."

"ओटा फोड," झुंबरबाई म्हणाली, "मंग भाकर कुठून खातो? मी पलीकडं आलेच न्हाई तर?"

"बिस्कुट खाईन."

"खाय. अन् दातबी घेऊन ये उसने."

प्रियदर्शनीला हसू आलं, पण लक्ष दुसरीकडे होतं. पावसाने शेण धुऊन गेलेलं, पट्टे परत उघडे पडलेले. ती म्हणाली, "काका, बैलाला यात काय दिसत असंल?"

"त्याला काय दिसतंय ते त्याला म्हाईत. पण पाय टाकायच्या आधी तो खाली मुंडी घालून पाह्यतो. चारी म्हणा, खड्डा म्हणा, तसंच पाह्यतो."

ती ओणवी झाली. दोन्ही हात टेकले, तोंड माझ्या अंगाजवळ आणलं. रस्त्यावरचे लोक बघायला लागले. वरून पाहिलं की पट्टे असतात. तेवढ्या खालून पाहिलं की पांढऱ्या दांड्या आणि त्यांच्यामधे काळा अंधार. ती तशीच थोडा वेळ राहिली. मग उठली आणि कपाळावर हात मारला.

"मी मूर्ख हाये. हे मी तिथं पाहिलंय, काका. तिकडं कुरणाच्या वाटेवर खड्डा करून त्याच्यावर आडव्या लोखंडी दांड्या टाकतात. मोटार जाती, माणूस जातो, गाय जात न्हाई. तिला वाटतं पाय आत जाईल. मी रोज त्याच्यावरून सायकल नेत होते. अन् इथं येऊन मी बैलांपुढं तेच काढून ठेवलं."

"म्हंजे आमच्या बैलाला तुमच्या तिकडच्या गाईएवढीच अक्कल हाये," कारभारी म्हणाला. त्याला ते आवडलं होतं.

"बराबर. पट्टे गाडीवाल्यासाठी हायेत. मंग ते चालणाऱ्याच्या पायाखाली कशाला? गाडीकडं तोंड असलेल्या उतारावर काढते. वर काहीच न्हाई. निस्ता दगड."

कारभारीने चपलेने मला घासून पाहिलं. "निस्ता दगड ठीक. पण गुळगुळीत हाये. नाल मारलेला बैल घसरंल. एकदा घसरला की तो जल्मात या वाटंनं यायचा न्हाई."

"मंग वसंताला बोलवू. टाकी मारून दगड खरखरीत करू."

"बोलवा. पण माझा शब्द तोच. बैल गेले न्हाई तर जेसीबी."

"मान्य," ती म्हणाली. झुंबरबाईने कुणालाच विचारलं नाही. पदर खोचून घरी निघून गेली.

वसंता छिन्नी-हातोडी घेऊन आला आणि माझ्या पाठीवर बसला. पाठीचे पांढरे पट्टे त्याने मुळासकट छिलले. मग सगळ्या अंगावर बारीक टाकी मारली, ज्वारीचा दाणा अडकेल एवढीच. दुखलं. पण खदान सोडल्यापासून पहिल्यांदा मला माझं अंग परत आलं. यंत्राने मला फरशी केलं होतं, वसंताने दगड केलं. उतारांवर मोठे पांढरे त्रिकोणी दात रंगवले, टोकं गाडीकडे. दुरून येणाऱ्याला वाटावं, रस्ता दात विचकतोय.

मोठा बाजार भरला. अख्खं गाव दोन्ही कडांना उभं. जेसीबी शाळेच्या भिंतीला लावून ठेवलेला, त्याचा चालक वर बसून शेंगा खात होता. दोन्हीकडे गाड्या थांबवलेल्या. भोकरदनची लाल बस माझ्या उतारापाशी उभी, कंडक्टर दारात लोंबकळत.

कारभारीने मुद्दाम तोच लालकंधारी बैल पुढे आणला, जो पहिल्या दिवशी सर्वांत आधी अडला होता. हातात चाबूक नाही. कासरा ढिला. तो स्वतः पुढे माझ्यावर चढला आणि बैलाकडे पाठ करून उभा राहिला.

बैलाने मुंडी खाली घातली. माझा वास घेतला. त्याचा गरम श्वास माझ्या टाकीच्या खाचांत शिरला. मी अख्ख्या जन्मात हललो नाही, त्या वेळी तर बिलकुल नाही. त्याने एक खूर टाकला. नाल वाजली. घसरली नाही. दुसरा टाकला. मग चारी पायांनी वर आला, आणि मधल्या थांब्यात येऊन उभा राहिला.

"काय झालं?" कडेवरून कुणी ओरडलं. "परत अडला का?"

जेसीबीवाल्याने शेंगा खिशात घातल्या.

बैलाने पाय फाकवले आणि माझ्यावर मुतला. सावकाश, मनसोक्त, बस आणि बाजार दोघांनाही ताटकळत ठेवून. मग कान झटकले आणि बाजाराकडे चालू लागला. मागची जोडी निघाली. मग सगळी रांग.

"झालं," कारभारी म्हणाला. "भ्यालेलं जनावर कधी मुतून राह्यलं का असं? जागा त्याची झाली."

कंडक्टर म्हणाला, "आमचा टाइम गेला त्याच्यापायी!"

"अय, बैल हाये तो. तिकीट फाड त्याचं," गर्दीतून उत्तर आलं, आणि दोन्ही कडा हसल्या. एकाच गोष्टीला दोन्ही कडा हसल्या, असं रस्ता रुंद झाल्यापासून पहिल्यांदा घडलं, असं म्हणतात.

बैलांच्या मागून झुंबरबाई आली. डोक्यावर पाटी, हातात पिठल्याचं पातेलं. मधे थांबली. पाटीसकट सगळं अंग वळवलं, त्या बाजूने येणाऱ्या ट्रककडे पाहिलं. ट्रक दातांपाशी थांबला होता. ती सावकाश गेली. घाई केली नाही. मला त्याचंच सर्वांत जास्त बरं वाटलं.

कारभारी पाटीपुढे जाऊन बसला.

"बिस्कुटं संपली का?" तिने विचारलं.

"वाढ."

"ओटा फोडणार होतास."

"वाढ म्हणतो न्हवं."

तिने वाढलं. कांदा फोडून दिला. प्रियदर्शनीलाही ओढून त्याच्या शेजारी बसवलं. तिघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मी रस्त्यात होतो, कामावर होतो.

तो जेसीबी दुसऱ्या गावी गेला. मी इथेच आहे.

आता माझ्यावरून काय काय जातं! कापसाच्या गाठोड्याखाली दिसेनाशा झालेल्या बाया जातात. दिवस भरलेली बाई दवाखान्यात जाते आणि एकाची दोन होऊन परत येते. जयंतीची मिरवणूक निळे झेंडे घेऊन मधल्या थांब्यात थांबते, पोळ्याला बेगड लावलेली शिंगं तिथेच थांबतात. टाकीच्या खाचा अधूनमधून भरतात. वसंता येतो, परत उघडतो. एक खुंट अजून वाकडा आहे. तो मी सरळ करू देत नाही म्हणा, किंवा कुणी करत नाही म्हणा. असू दे. माणूस वाचवताना वाकला आहे.

परवा वाटूर फाट्याहून माणसं आली होती. टेप लावून माझी लांबी, रुंदी, उंची, सगळं घेतलं. मोबाईलवर फोटो काढले. म्हणाली, अगदी असाच ओटा आमच्याकडे पाहिजे. कुणी परगावाहून आपलं माप घ्यायला येतं, यात छाती फुगते. खोटं कशाला बोलू. पण त्यांना एक सांगायचं होतं. तोंड नव्हतं म्हणून राहिलं. तुम्हाला सांगतो, तुम्ही निरोप पोचवा.

माझं माप नेऊ नका. माझी उंची मोहगावच्या गुडघ्यांना झेपेल एवढी आहे. माझा थांबा झुंबरबाईच्या पाटीएवढा आहे. माझी पाठ इथल्या नालांसाठी खरखरीत आहे. तुमच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतील, तुमच्या बाया हंडे नेत असतील, तुमच्याकडे मेंढरं असतील. एक बाजारभर तुमच्याच रस्त्याच्या कडेला उभं राहा. लागलं तर ओणवं होऊन बघा. त्या पोरीला लाज वाटली नाही, तुम्हालाही वाटू नये. न्यायचंच असेल तर एवढंच घेऊन जा, जे ती सातासमुद्रापलीकडून घेऊन आली आणि ज्यात तिने कवडीचाही बदल केला नाही: पायी चालणारा आधी.

बास. माझं बोलणं झालं. तुम्ही गाडीत बसून ऐकत होता आणि तुमचं पुढचं चाक माझ्या दातांवर आलंय, हे मला कळतंय. हॉर्न वाजवू नका. माणूस ओलांडतोय.